रेजिनाबायची फटफटी

रेजिना परेरा जवळ येऊन उभी राहिली की कार्बोलिक साबणाचा आणि पेट्रोलचा वास एकत्र यायचा. लालबागच्या आमच्या प्रसूतिगृहात नव्याने आलेल्या बायका आधी नाकाला पदर लावायच्या, आणि कळा सुरू झाल्या की त्याच बायका तो वास कधी येतो म्हणून दाराकडे डोळे लावून बसायच्या. आजही पेट्रोलपंपावरून जाताना मला पाळणे आठवतात. माझ्या सुनेला वाटतं, सासूचं डोकं जरा सरकलं. वाटू दे.

आम्ही दोघी बरोबरीच्या. दोघीही नर्स, दोघीही गिरगावच्या. ती ख्रिस्ती वाडीत राहायची आणि मी पलीकडच्या गल्लीत, चाळीत. परेरा मंडळी मूळची मुंबईचीच. घरात मराठी बोलत, रविवारी चर्चला जात, आणि आपण इथले जुने असल्याचा तिला भारी अभिमान. "तुमी नंतर आले," असं ती मला ऐकवायची, "आमी सरकून जागा दिली." माझे वडील रत्नागिरीहून बोटीने आलेले, त्यामुळे मला गप्प बसावं लागे. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून हे खास सांगते.

फटफटी तिच्या पपांची. ते रे रोडच्या बाजूला गोदीत फिटर होते. लढाई संपल्यावर मिलिटरीच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या, तेव्हा बाजूला एका माणसापुरता डबा जोडलेली ही फटफटी त्यांनी घरी आणली. मुलगा नव्हता. मग त्यांनी मुलीलाच शेजारी बसवून गाडी खोलायला आणि पुन्हा जोडायला शिकवली. पपा गेले, फटफटी राहिली. पांढरा गणवेश, डोक्याला घट्ट रुमाल आणि खाली ते धडधडणारं धूड, असं तिचं ध्यान लॅमिंग्टन रोडवरून निघालं की ट्रामचा ड्रायव्हर घंटा वाजवायचं विसरे. ड्यूटी एक असली की डब्यात मी. पदर खोचून, डोळे मिटून मी रामरक्षा म्हणायची. ती ओरडून सांगायची, "सुशी, देवाला ऐकू जात नाय, इंजिनाचा आवाज फार हाय."

तिचा एक मंत्र होता, "आधी ऐक, मग हात लाव." बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी असते, एक टोक पोटावर आणि एक कानाला. ती नळी तिच्या खिशात कायम असे. गाडी कुरकुरली की तीच नळी इंजिनाला. रस्त्यात लोक जमत, हसत. एकदा परळ नाक्यावर एका म्हाताऱ्याने गंभीरपणे विचारलं की बाई, कितवा महिना? तिने तितक्याच गंभीरपणे सांगितलं की दिवस भरलेत. नळी नंतर उकळून घ्यायची, हे मात्र आवर्जून लिहिते, नाहीतर तिच्याबद्दल गैरसमज व्हायचा.

दुसरा मंत्र पपांकडून आलेला: एका वेळी एकच. गाडी बंद पडली तर पेट्रोल जसं वाहतं तसं वरून खाली जायचं. टाकी, कॉक म्हणजे तिची तोटी, नळी, कार्बोरेटर. एक गोष्ट करायची आणि किक मारून बघायची. दोन गोष्टी एकदम केल्या आणि गाडी चालू झाली तर माणूस शहाणा होत नाही, नुसता खूश होतो. हा मंत्र ती वॉर्डातही चालवायची. एकदा एक तान्हं बाळ काही केल्या रडं थांबवेना. भेटीची वेळ होती. आजीने मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, त्याच वेळी आत्याने घुटी चाटवली आणि आईने दुपटं बदललं. बाळ गप्प झालं. लगेच तिघींत श्रेयावरून जुंपली. रेजिना कमरेवर हात ठेवून उभी. तिने तिघींना विचारलं, "आता उद्या रडला की कोणाला बोलावू?" दुसऱ्या दिवशी तो पुन्हा रडला. तिने एकएक करून बघितलं, तर दुपट्यात मुंगी होती.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. गिरणगावात पोरंसुद्धा लगोरी खेळताना घोषणा द्यायची. मुंबई कोणाची, हा प्रश्न भिंतीभिंतीवर लिहिलेला. ख्रिस्ती बाई म्हणून रेजिनाला कुणीकुणी खोदून विचारायचं, तुमचं काय मत? ती हातातलं काम न थांबवता सांगायची, "मुंबई इथं जन्मतो त्याची. आणि त्यांना आणते मी."

एक खोड मात्र तिची वाईट होती. ती कुणाकडून काही घ्यायची नाही. बारशाला बोलावलं की जायची, पाळण्याशी उभी राहून बाळाचं नाक बघायची आणि दारातूनच मागे फिरायची. चहा विचारला तर ड्यूटीवर घेत नाय. ड्यूटी नाही म्हटलं तर आत्ताच झाला. खणनारळ पुढे केला तर हात मागे. बायकांना फार लागायचं. ज्या बाईने आपलं लेकरू हातात दिलं तिची ओटीसुद्धा भरायची नाही म्हणजे काय! शेवटी करी रोडच्या चाळीतल्या गोदाआजी कुंकवाचा करंडा घेऊन तिच्या मागे रस्त्यापर्यंत धावल्या. निदान कुंकू तरी लावून घे, म्हणून अडून बसल्या. रेजिना गाडीवर बसलेली. म्हणाली, "आजी, मला संध्याकाळी चर्चला जायचंय, फादर विचारतील. माझ्या गाडीला लावा. तिचा बाप्तिस्मा झालेला नाय."

बायका हसून लोटपोट झाल्या आणि तोच रिवाज पडला. बारसं झालं की फटफटीला कुंकू. लावायची जागासुद्धा ठरली: पेट्रोलच्या टाकीचं गोल झाकण, त्याच्या बरोबर मधोमध. गाडीचं कपाळ तेच, असं सगळ्यांचं मत पडलं. पण धातूवर कुंकवाची कोरडी पिंजर टिकेना, वाऱ्याने उडून जाई. मग गोदाआजींनी आपल्या कपाळाची युक्ती गाडीला लावली. आधी मेणाचं बोट, वर पिंजर. आता ते कुंकू हलेना. रेजिना दर रविवारी चर्चहून आली की गाडी लख्ख पुसायची, फक्त त्या लाल ठिपक्याला फडकं लावायची नाही. मी एकदा म्हटलं की किती जाड थर झालाय, काढ की. तर म्हणाली, लोकांनी मायेनं लावलेलं आपण पुसायचं नसतं.

आता पार्वतीचं सांगते. पार्वती ही गोदाआजींची सून. तिचं पहिलं बाळंतपण गावी मालवणकडे झालं होतं. बाळ पायाळू आलं आणि डोकं बाहेर येईपर्यंत गेलं. आजींनी देवाला बोल लावला नाही, सुनेलाही नाही. दुसऱ्यांदा दिवस गेल्यावर त्या सुनेचा हात धरून थेट आमच्या दारात आल्या. मुलगा सत्याग्रहात पकडला गेलेला, जेलमध्ये होता. दिवस भरत आले तेव्हा रेजिनाने नळी लावून बराच वेळ ऐकलं. ठोके बेंबीच्या वर लागत होते. हेही बाळ डोकं वर करून बसलेलं. पार्वतीचा चेहरा पांढरा पडला. आजींनी एवढंच म्हटलं, "माझ्या सुनेक तूच बघ गो. येतलंस ना?"

"येईन," रेजिना म्हणाली. "कुठे असले तरी येईन."

आणि नेमका हरताळाच्या दिवशी पार्वतीला कळा सुरू झाल्या. ट्राम नाही, बस नाही, टॅक्सी नाही. आमच्या आयाचा नवरा सकाळी सायकल मारत गिरगावात आला. डॉक्टरीणबाई पुण्याला गेलेल्या, प्रसूतिगृहात आया आणि एक नवी शिकाऊ मुलगी, बस. परळच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं म्हटलं तर पार्वती खाटेचा दांडा सोडायला तयार नव्हती. बाय येते म्हणाली, म्हणजे बाय येणार, हा तिचा हेका. रेजिनाने डोक्याला रुमाल बांधला, मला डब्यात बसवलं आणि आम्ही निघालो.

रस्ते मोकळे, दुकानं बंद. मला वाटलं, चला, आज तरी धडकायची भीती नाही. लॅमिंग्टन रोडच्या मध्यावर फटफटी दोनदा खोकली आणि गप्प झाली. रेजिना उतरली. टाकी हलवून बघितली, पेट्रोल भरपूर. कॉक उघडा. मग तिने कार्बोरेटर खोलून त्यातलं जेट काढलं. म्हणजे पितळेचा एक छोटा तुकडा, त्यातल्या सुईएवढ्या भोकातून पेट्रोल इंजिनात जातं. कचरा अडकला असणार, असं म्हणत तिने पिशवीतून खराट्याची हीर काढली आणि भोक साफ केलं. तार घालायची नाही, तारेने भोक मोठं होतं, हेही पपांचंच. जेट बसवलं, किक मारली, आणि फटफटी चालू. मी टाळ्या वाजवल्या. रेजिनाने मान अशी वळवली की राणीच्या बागेतला मोर परवडला.

भायखळ्याच्या पुलापाशी फटफटी पुन्हा बंद पडली.

तेव्हा मात्र माझा धीर सुटला. तिथून लालबाग चालत गाठायचं म्हणजे पार्वतीचं काय होणार ते होऊन जाईल. मी म्हटलं, प्लग बदल, नळी बदल, पुन्हा जेट काढ, काय करायचं ते सगळं कर पण लवकर कर. पुलाखाली बंदोबस्ताला उभा असलेला एक हवालदार दंडुका सावरत आला. हरताळात गाडी कशी काढली म्हणून दरडावणार होता, पण गणवेश बघून थबकला. रेजिनाने लालबागला बाळ येतंय एवढं सांगून बाळंतपणाची बॅग त्याच्या हातात दिली. तो बिचारा ती दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

आणि रेजिना काय करते? फुटपाथच्या कडेवर बसली. माझा संताप संताप झाला. तिने कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून खाली सोडली. पेट्रोलची धार आली, बारीक झाली, थेंब थेंब पडले आणि थांबली. टाकी भरलेली, कॉक उघडा, आणि तरी धार थांबलेली. तिने लाकडी नळी टाकीला लावून ऐकलं. मग वर बघून माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "सुशी, मघाशी मी दोन गोष्टी केल्या."

मी म्हटलं, एकच केलीस, जेट साफ केलंस.

"जेट साफ केलं, आणि तेवढा वेळ थांबले. गाडी जेटनं चालू झाली का थांबण्यानं?"

मला काही कळेना. ती भराभर बोलत होती. नुसतं थांबून जे बरं होतं, ते हळूहळू आत काहीतरी येण्यानं होतं. टाकीत आत काय येतं? पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे. ती आली नाही तर टाकी पेट्रोल सोडत नाही, ओठ मिटून बसते. आणि हवा यायची वाट... ती उठली आणि तिने टाकीचं झाकण फिरवलं.

स्स्स् करून टाकीने एवढा लांब श्वास घेतला की हवालदार दोन पावलं मागे सरला. खाली सोडलेल्या नळीतून भळ्ळकन धार आली आणि रेजिनाचे पांढरे बूट भिजले. ती नाचलीच! भायखळ्याच्या पुलाखाली, गणवेशातली नर्स, पेट्रोलने भिजलेले बूट घेऊन. मग तिने झाकण उलटंसुलटं करून बघितलं. झाकणाला मधोमध हवा यायचं एक बारीक भोक असतं. मेणाचं बोट आणि वर पिंजर, पुन्हा मेण आणि पुन्हा पिंजर, असं कितीतरी बारशांचं कुंकू त्या भोकावर बसलं होतं. लालबाग-परळच्या बायकांनी मिळून, प्रेमाने, तिच्या फटफटीचं नाक दाबून टाकलं होतं.

आम्ही दोघी हसत सुटलो. मला हसता हसता रडूही आलं, ते कशाचं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मी अंबाड्यातला आकडा काढून दिला, तिने मेण खरवडून भोक मोकळं केलं. खरवडलेलं कुंकू टाकून नाही दिलं. रुमालाच्या टोकाला बांधून खिशात ठेवलं आणि मला बजावलं की आजींना यातलं अक्षर सांगायचं नाही. हवालदाराने बॅग माझ्या मांडीवर ठेवली आणि आपणहून गाडी ढकलायला लागला, खरं म्हणजे गरज नव्हती. त्यानंतर फटफटी जी सुटली ती लालबागलाच थांबली. मी रामरक्षा म्हटली नाही. डोळे उघडे ठेवून बसले होते.

आम्ही पोचलो तेव्हा पार्वती अगदी बाळंत व्हायच्या बेतात होती. पायाळू बाळाच्या वेळी घाबरून ओढायचं नसतं. रेजिनाने नव्या मुलीला हात लावू दिला नाही आणि स्वतःचेही हात आवरून धरले. पाय आले, कंबर आली, तरी ती पार्वतीशी हळू आवाजात बोलत नुसती थांबली. मग खांदे, आणि मग तिने असं काही अलगद वळवलं की डोकं बाहेर. मुलगी. पण निळसर, लुळी, आणि आवाज नाही. दाराबाहेर गोदाआजींचं जपाचं पुटपुटणं थांबलं. रेजिनाने रबरी नळीने बाळाच्या तोंडातलं, नाकातलं ओढून काढलं, पुन्हा काढलं, पाठ चोळली. मी तिच्या शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. ती म्हणत होती, "हवेला वाट, हवेला वाट."

मुलीने श्वास घेतला आणि टाहो फोडला. रस्त्यावरून मोर्चा जात होता, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची घोषणा चाललेली. त्या सगळ्या गलक्यावर त्या पोरीचा आवाज चढला. आजी दाराला धरून खाली बसल्या. पार्वती रडत होती, आया रडत होती, मी रडत होते. फक्त रेजिना आपल्या बुटांकडे बघून कुरकुरत होती की पेट्रोलचे डाग आता जाणार नाहीत. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या बाळंतपणातसुद्धा झाला नाही, आणि हे मी माझ्या मुलाला सांगितलेलं आहे.

आजी लगेच करंडा घेऊन गाडीकडे निघाल्या. रेजिनाने धावत जाऊन झाकणावर हात ठेवला आणि सांगितलं की आजपासून कुंकू दिव्याला, तिथं उजेडात छान दिसतं. आजींनी दिव्याला लावलं. चहा आणला, तो नेहमीप्रमाणे परत गेला. घरी येताना मला राहवेना. मी तिला स्पष्ट म्हटलं, "टाकी नुसती देत राहिली की बंद पडते, हे आज तूच मला शिकवलंस. मग तू कोण मोठी लागून गेलीस?" ती म्हणाली, गाडी वेगळी आणि माणूस वेगळा. मी म्हटलं, बरं.

मुलीचं नाव विजया ठेवलं. तिचा बाप जेलमधून सुटून आला तेव्हा ती पालथी पडायला लागली होती.

पुढे ती चालती-बोलती झाली, आणि आपलं राज्यही झालं. त्या दिवशी लालबाग काय सजलं होतं! चाळीचाळीला तोरणं, रस्त्यात रांगोळ्या, गिरण्यांच्या फाटकांवर झेंडे. रेजिना आमच्या प्रसूतिगृहात निरोप घ्यायला आली होती. वसईच्या इस्पितळात तिने काम धरलं होतं, तिथे तिची मावशी एकटी होती. तिला वाटलं होतं, आपण गुपचूप येऊ आणि गुपचूप जाऊ. त्या फटफटीवरून! करी रोडच्या वळणावर बायकांनी तिला घेरलं. डब्यात विजयाला बसवून झालं, हँडलला हार घातले, दिवा तर कुंकवाने लालभडक. गर्दीतून वाट काढत गोदाआजी आल्या. एक हात पार्वतीच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात करंडा. म्हातारीला आता नीट दिसत नव्हतं. चाचपडत तिचं बोट सवयीने टाकीच्या झाकणाकडेच गेलं.

रेजिनाने झाकणावर तळवा ठेवला. "इथं नको, आजी. इथून गाडी श्वास घेते."

आजींचं बोट तसंच अधांतरी राहिलं, मेण लावलेलं. "मगे खंय लावू गो?"

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. रेजिनाने डोक्याचा रुमाल सोडला. गाडीवर बसल्या बसल्या खाली वाकली, आजींचा हात धरून आपल्या कपाळावर नेला आणि म्हणाली, "इथं लाव."

आजींनी मेण लावलं, वर पिंजर लावली, आणि दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. पार्वतीने नारळ दिला, तो तिने घेतला. कुणीतरी कपबशी पुढे केली, तर तिथेच रस्त्यात, गाडीवर बसून, तिने बशीत ओतून चहा प्यायला. मी विचारलं, फादरना काय सांगशील? म्हणाली, सांगीन की हवेला वाट ठेवली.

मग विजयाला खाली उतरवून तिने किक मारली. पहिल्याच किकला फटफटी चालू झाली. तोरणांखालून, रांगोळ्या चुकवत, कपाळावर एवढं मोठं कुंकू घेऊन ती दादरच्या दिशेने गेली, आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत मी कान देऊन ऐकत होते. मधे एकदाही खोकला आला नाही.